सेवा करणाऱ्यांच्या मनाची शुश्रूषा

साथ ओसरली की रुग्णालयातील खाटा रिकाम्या होतात. परंतु तेथे राबलेल्यांच्या मनावरील भार तितक्या लवकर उतरत नाही, याचा आपल्याला सहसा विसर पडतो.

२००३ साली सार्स या श्वसनरोगाने जगभरात सुमारे आठ हजार लोकांना ग्रासले. त्यांत दर पाच रुग्णांमागे साधारण एक जण आरोग्यसेवक होता. कॅनडातील टोरांटो शहरातही या साथीने थैमान घातले. त्यानंतर एक ते दोन वर्षांनी संशोधकांनी तेथील नऊ रुग्णालयांतील आणि सार्सचे रुग्ण न हाताळलेल्या हॅमिल्टन शहरातील चार रुग्णालयांतील मिळून ७६९ कर्मचाऱ्यांची पाहणी केली. टोरांटोतील कर्मचाऱ्यांत मानसिक ताण व थकवा अधिक आढळला. कामाचे तास व रुग्णांशी येणारा संपर्क कमी करणाऱ्यांचे, तसेच धूम्रपान वा मद्यपान वाढलेल्यांचे प्रमाणही तेथे अधिक होते. मात्र पुरेसे प्रशिक्षण, संरक्षण व पाठबळ लाभल्याची भावना ज्यांच्या मनात होती, त्यांना हा त्रास कमी झाला.

२०२० च्या आरंभी, कोविडच्या काळात, चीनमधील ३४ रुग्णालयांतील १,२५७ डॉक्टर व परिचारिकांच्या पाहणीत निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणे दिसली. एक तृतीयांश जणांना निद्रानाशाने गाठले होते.

हा मनाचा दुबळेपणा नव्हे. आपल्यामुळे घरच्यांना लागण होईल ही धास्ती, आप्तांविना प्राण सोडणारे रुग्ण आणि सदसद्‌विवेकबुद्धीला पटेल तेवढी सेवा करता न आल्याची टोचणी यांमुळे मन घायाळ होते. त्यात समाजाच्या वागण्याची भर पडते. २२ मार्च २०२० रोजी आपण आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजविल्या. त्याच सुमारास देशात काही घरमालकांनी डॉक्टर व परिचारिकांना घर रिकामे करण्यास सांगितले. आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी केंद्र शासनाला २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढावा लागला.

म्हणूनच त्यांना केवळ देवदूत म्हणणे पुरेसे नाही. देवदूत थकत नाहीत, माणसे थकतात. आपल्या धर्मग्रामातील परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना विश्रांती मिळते का, त्यांचे मनोगत कोणी ऐकते का, याची आपण आपुलकीने विचारपूस करावी. झोप, भूक वा बोलणे हरपलेल्या व्यक्तीस तज्ज्ञांकडे जाण्यास साथ द्यावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.