पवनचक्क्या आणि क्षितिज

कोलकात्याच्या मैदानावर सायंकाळी फिरावयास जाणाऱ्यास एक सुख विनामूल्य लाभते, ते आकाशाचे. एवढ्या दाटीच्या नगरात इतके आकाश शिल्लक राहिले, याचे श्रेय मात्र कोणा रसिक नगररचनाकाराला देता येत नाही. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला, तेव्हा तोफांच्या माऱ्याला आडकाठी नको म्हणून भोवतालची जमीन मोकळी करण्यात आली. तोफा केव्हाच थंडावल्या, मोकळीक उरली. १९२१ साली खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया मेमोरियलचा घुमट या मोकळिकीमुळेच दुरून नजरेत भरतो. त्याची उंची सुमारे ५६ मीटर. अलीकडे चौरंगीवर ‘द फॉर्टी-टू’ नावाची सुमारे २६० मीटर उंचीची निवासी इमारत उभी राहिली आहे, आणि घुमटाकडे निघालेली नजर पुष्कळदा तिच्यापाशीच अडते. माझ्या कचेरीतील एका स्नेह्यांच्या मते शहरास त्यामुळे शोभा आली. दुसऱ्यांच्या मते होती ती गेली. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत.

अशा वादात मला आमचा सातारा जिल्हा आठवतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील चाळकेवाडी, वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वनकुसवड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंच असून खाली कोयनेचा जलाशय पसरला आहे. लहानपणी ज्या कड्यापलीकडे केवळ ढग पाहिले, तेथे आज पांढऱ्या मनोऱ्यांच्या रांगा दिसतात. कोणी त्या पाहावयास सहलीने जातात. कोणास त्या डोळ्यांत खुपतात. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे काय? की दृश्यावर होणाऱ्या परिणामाचे मोजमाप काही शिस्तीने करता येते?

श्रोतेहो, ते करता येते. आणि स्कॉटलंडसारख्या डोंगराळ प्रदेशात पवनचक्क्यांना परवानगी देण्यापूर्वी ते रीतसर केले जाते. त्याची पद्धत तीन साध्या प्रश्नांत सांगता येईल.

पहिला प्रश्न, चक्की कोठून दिसेल? समोच्चरेषांच्या नकाशावरून व संगणकाच्या साहाय्याने, जेथून पात्याचे टोक दिसू शकते तो सारा मुलूख रंगवून काढतात. या नकाशात झाडे व घरे सहसा धरलेली नसतात. म्हणून तो जास्तीत जास्त किती दिसेल एवढेच सांगतो.

दुसरा प्रश्न, ती कोणास दिसेल? घाटातून मोटारीने जाणारा प्रवासी क्षणभर पाहतो. गडावर दर्शनास आलेला भाविक घटकाभर पाहतो. पठारावरील शेतकरी मात्र जन्मभर पाहतो. सूर्य कलला म्हणजे फिरत्या पात्यांची सावली त्याच्या अंगणातून लुकलुकत जाते. म्हणून नकाशावरून नेमकी ठिकाणे निवडतात: गडाचा माथा, देवळाचा पार, शाळेचे अंगण, घाटातील वळण.

तिसरा प्रश्न, दृश्य कितीसे बदलेल? यासाठी एक घरगुती प्रयोग सांगतो. हात लांब करून डोळ्यापासून ६० सेंटिमीटरांवर पट्टी धरावी. पाते उभे असता १२० मीटर उंच भरणारी चक्की दोन किलोमीटरांवरून त्या पट्टीवर सुमारे साडेतीन सेंटिमीटर भरेल. दहा किलोमीटरांवरून पाऊण सेंटिमीटरही भरणार नाही. अंतराचे महत्त्व यावरून ध्यानी येईल. परंतु पट्टीला सारेच कळत नाही. स्थिर वस्तूपेक्षा हलती वस्तू डोळा आधी टिपतो. डोंगराच्या पार्श्वभूमीवर विरणारा मनोरा आकाशाच्या पार्श्वभूमीवर ठळक उठतो. छायाचित्रेही फसवितात: रुंद आवाक्याच्या भिंगातून दूरचा डोंगर बुटका दिसतो, आणि त्यावर रेखाटलेली चक्कीही. म्हणून भावी दृश्याचे चित्र कोणत्या भिंगाने काढले व किती अंतरावरून पाहावयाचे, हे त्यावर लिहिलेले असावे लागते.

येथे एक अडचण मुळातच आहे. डोंगराच्या धारेवर चढताना वारा वेग घेतो, म्हणून चक्कीस कडा हवा. आणि कडा म्हणजेच चहूंकडून दिसणारी जागा. ही अडचण संपूर्ण टळणारी नाही. दगडी कोळशाच्या धुरावाचून वीज हवी असेल, तर काही क्षितिजे बदलू द्यावी लागतील, हे मी मान्य करतो. तथापि कोणती बदलू द्यावयाची व कोणती राखावयाची, हे ठरविण्यासाठीच मूल्यमापन हवे.

‘लोकांना सवय होते’ असे उत्तर यावर मिळते, व हावडा पुलाचा दाखला दिला जातो. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला तो पोलादी सांगाडा आज कोलकात्याची ओळख बनला आहे, हे खरे. परंतु जो त्याला पाहतो तोच त्यावरून नदी ओलांडतो. पठारावरची वीज तारांवरून दूर निघून जाते. मनोरा तेवढा गावाच्या वाट्यास राहतो. तेव्हा सवय कोणाला करून घ्यावयाची आहे, हे त्यास विचारणे न्यायाचे नव्हे काय?

आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना पर्यावरणाची पूर्वमंजुरी लागते, त्यांच्या यादीत पवनऊर्जा नाही. वनजमिनीसाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. पण दृश्याचा विचार करणे बंधनकारक नाही. आता तो करण्याची वेळ आली आहे. सुमारे वीस-पंचवीस वर्षे हे अशा यंत्राचे साधारण आयुष्य. जुन्या लहान चक्क्या काढून त्यांच्या जागी थोड्या पण मोठ्या चक्क्या बसविण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१६ साली आले, व २०२३ साली ते सुधारण्यात आले. नव्या चक्कीच्या पात्याचे टोक २०० मीटरांपर्यंत जाऊ शकते. मनोऱ्यांची गर्दी कमी होईल, परंतु प्रत्येक मनोरा अधिक दुरून दिसेल. यात लाभ की हानी, हे गावागणिक वेगळे ठरेल.

सरकारी चाकरीत माझी बरीच वर्षे गेली. अशा प्रकल्पाच्या फाइलीत वाऱ्याच्या वेगाचा कागद असतो, जमिनीच्या किमतीचा असतो, विजेच्या दराचाही असतो. पाराखाली बसलेल्या मनुष्यास उद्या समोर काय दिसणार आहे, याचे एक प्रामाणिक चित्र त्यात घालावे, ते त्याला दाखवावे, आणि तो काय म्हणाला हे खाली लिहून घ्यावे. मैदानाचे आकाश तोफांच्या कृपेने वाचले. डोंगरांना तशी कृपा लाभणार नाही. त्यांच्यासाठी हा एक कागद आपणच जोडावयास हवा.