मत ठरत नाही? मग वहीत रकाने आखा

मतदान चार दिवसांवर आलं आणि एखादी म्हणाली, "माझं अजून ठरलं नाही," की आपण तिला हसतो. घरचे म्हणतात, "त्यात काय ठरवायचं? आम्ही सांगतो तिथं बटण दाब." पण न ठरणं हा कमीपणा नाही. जिचं ठरलेलं नाही, तीच सगळ्यांना एका तराजूत तोलू शकते. कसं तोलायचं, ते आज शेजारच्या श्रीलंकेच्या निवडणुकीवरून बघू.

श्रीलंकेत राष्ट्राध्यक्ष लोकच थेट निवडतात. 21 सप्टेंबर 2024 ला तिथं मतदान झालं. मतदार सुमारे 1 कोटी 71 लाख, त्यात निम्म्याहून जास्त बाया. उमेदवारी अर्ज 39, पण त्यात बाई एकही नाही.

समजा, पोलोन्नरुवा जिल्ह्यात भातशेती करणारी एक बाई आहे आणि तिचं मत ठरलेलं नाही. ती आधी काय आठवेल? मागच्या वेळी काय झालं, ते. 2019 साली गोटाबाया राजपक्षे निवडून आले. त्यांची दोन वचनं होती. कर कमी करू आणि दहा वर्षांत सगळी शेती सेंद्रिय करू. दोन्ही ऐकायला गोड. मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आला खरा, पण सरकारी तिजोरी आटली. आणि शेतीचं म्हणाल, तर दहा वर्षांचं काम त्यांनी एका फटक्यात करायला घेतलं. 2021 मध्ये रासायनिक खताची आयातच बंद केली. भाताचं पीक घटलं आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. त्यात कोरोनाने पर्यटन बुडवलेलं. 2022 मध्ये गॅस, पेट्रोल, औषधं मिळेनात. जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले.

यातून त्या बाईला एक कळलं. "काय देणार?" एवढंच विचारून भागत नाही. "पैसा कुठून आणणार?" आणि "किती दिवसांत करणार?" हेही विचारावं लागतं.

आता ती वहीत तीन उभे रकाने आखते, कारण मुख्य उमेदवार तीन. पहिला प्रश्न कर्जाचा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च 2023 मध्ये देशाला सुमारे 300 कोटी डॉलरची मदत मंजूर केली होती, पण अटी घालून. त्या अटींचं काय करणार?

रनिल विक्रमसिंघे तेव्हा सत्तेवर होते. ते म्हणत, करार आहे तसा पाळू, नाहीतर पुन्हा रांगा लागतील. विरोधी पक्षनेते साजिथ प्रेमदासा म्हणत, करार ठेवू, पण लोकांवरचा भार हलका करायला पुन्हा बोलणी करू. अनुरा कुमारा दिसानायके यांचंही तेच, करारात राहू, पण अटी बदलून घेऊ. बघा, सभेत तिघं एकमेकांवर तुटून पडत होते, पण वहीत लिहिलं की कळतं, करार मोडू असं तिघांपैकी कुणीच म्हणत नव्हतं.

दुसरा प्रश्न कराचा. जानेवारी 2024 पासून मूल्यवर्धित कर 18 टक्के झाला होता. विक्रमसिंघेंच्या सरकारनेच तो वाढवला होता. दिसानायके म्हणत, खाण्याच्या वस्तू, औषधोपचार, शाळेचं साहित्य यांवरचा कर काढू. मग ती बाई पुढे लिहिते, "मग तेवढा पैसा कुठून?" तिसरा प्रश्न खताचा. प्रेमदासा म्हणत, 50 किलोची गोणी 5,000 रुपयांना देऊ. तिथंही तेच, "पैसा कुठून? कधीपासून?" उत्तर मिळालं नाही, तर ती रकाना कोरा ठेवते. कोरा रकानाही बरंच सांगून जातो.

शेवटी एक सोय. तिथं मतपत्रिकेवर 1, 2, 3 असा पसंतीचा क्रम लिहिता येतो. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाही मिळाली, तर पहिले दोघं उरतात आणि बाकीच्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. 2024 ला दिसानायके यांना 42 टक्के आणि प्रेमदासांना जवळपास 33 टक्के मतं मिळाली. त्यामुळे त्या देशात पहिल्यांदाच पुढची पसंती मोजावी लागली आणि दिसानायके निवडून आले. 2019 ला याच माणसाला शंभरात जेमतेम तीन मतं होती. ज्यांनी फेरविचार केला, त्यांनीच हे घडवलं.

आपल्याकडे राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात. पण महाराष्ट्रात सरपंच आपण थेट निवडतो. आपल्या यंत्रावर दुसरी पसंती नसते, एका जागेसाठी बटण एकदाच दाबायचं. म्हणून आधीच तोलायला हवं.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला वही आणा. पाणी, रस्ता, रेशन, अंगणवाडी, आपले प्रश्न आपणच लिहा. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. काय, कधी, पैसा कुठून? जात, भावकी, भेटवस्तू यांना रकाना ठेवू नका. वही गटात मिळून भरा, पण मत ज्याचं त्याचं. बटण दाबताना तिथं दुसरं कुणी नसतं.