फवारणीचे बळी : कंपनीची जबाबदारी आणि समाजाचे कर्तव्य

औद्योगिक अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना उभा राहतो. उंच चिमणी, वाजणारा भोंगा आणि फाटकाबाहेर जमलेले नातेवाईक. आपल्या वऱ्हाडात असे मोठे कारखाने फारसे नाहीत. त्यामुळे औद्योगिक अपघात, कंपनीची कायदेशीर जबाबदारी, नुकसानभरपाई हे विषय मुंबई-पुण्याकडचे आहेत, असा आपला समज असतो. २०१७ च्या पावसाळ्याने हा समज खोटा ठरविला. दूरच्या कारखान्यात तयार झालेले विष आपल्या शेतातील मजुराचा जीव घेऊ शकते, हे त्या वर्षी साऱ्या देशाने पाहिले.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर दवाखान्यात दाखल होऊ लागले. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, चक्कर, छातीत दाटून येणे अशी लक्षणे होती. शेकडो लोकांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती करावे लागले. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांनाही झळ पोचली. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, हवेत उकाडा होता आणि बारीक तुषार उडविणारे पंप वापरात आले होते. तोंडाला रुमाल बांधून फवारणाऱ्या माणसाच्या अंगावर, डोळ्यांत आणि श्वासात ते विष जात होते.

राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपयांची मदत जाहीर केली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. अमरावती विभागात पाच प्रकारच्या कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घालण्यात आली. त्यांतील मोनोक्रोटोफॉस या औषधावर कायमची बंदी घालावी अशी शिफारस तपास पथकाने केली होती. केंद्र शासनाने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. मधली सहा वर्षे गेली.

मदत आणि भरपाई यांतील फरक

मदत मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असे पुष्कळांना वाटते. येथे दोन शब्दांतील फरक समजून घेतला पाहिजे. शासन देते ती सानुग्रह मदत. ती कृपेने दिली जाते आणि तिच्यात कोणाचा दोष ठरत नाही. नुकसानभरपाई हा हक्क आहे. ज्याच्यामुळे हानी झाली त्याने ती द्यायची असते आणि ती देताना त्याची जबाबदारी निश्चित होते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कामगाराची सुरक्षितता मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, ती कायद्याने बांधली पाहिजे, हे त्यांच्या त्या काळातील कामाचे सूत्र होते. तेच सूत्र येथे लावून पाहू.

भोपाळपासूनचा धडा

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. हा कारखाना कीटकनाशकाचाच होता, ही गोष्ट आपण विसरतो. पुढे वर्षभरातच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठामार्फत २० डिसेंबर १९८६ रोजी फार महत्त्वाचा नियम घालून दिला. जो उद्योग धोकादायक वस्तू हाताळून नफा मिळवितो, त्याने तिच्यामुळे झालेल्या हानीची पूर्ण भरपाई दिली पाहिजे. ‘आम्ही काळजी घेतली होती’ ही सबब त्याला सांगता येणार नाही. शिवाय कंपनी जितकी मोठी आणि सधन, तितकी भरपाई मोठी असावी, असेही न्यायालयाने म्हटले. यालाच पूर्ण दायित्वाचा नियम म्हणतात.

भोपाळच्या पीडितांना मात्र या नियमाचा लाभ मिळाला नाही. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव रकमेसाठी केंद्र शासनाने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. फौजदारी खटल्यात २०१० साली कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. १९९१ साली सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. त्यान्वये धोकादायक पदार्थ हाताळताना अपघात झाल्यास बाहेरच्या लोकांना दोष सिद्ध न करताही तातडीची भरपाई मिळते. पण हा कायदा मुख्यतः कारखाना, गोदाम, वाहतूक यांच्यासाठी आहे. शेतातील फवारणीला तो सहजी लागू पडत नाही.

शेतात जबाबदार कोण ?

कारखान्यात अपघात झाला की मालक कोण हे फाटकावरच लिहिलेले असते. शेतात तसे नसते. तेथे जबाबदारी चार ठिकाणी वाटली जाते आणि वाटता वाटता नाहीशी होते.

पहिली कंपनी. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांप्रमाणे बाटलीवर विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण, धोक्याची सूचना आणि सोबत माहितीपत्रक असावे लागते. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. या कायद्याच्या कलम ३३ नुसार कंपनीने गुन्हा केल्यास तिचा कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी धरली जाते.

दुसरा विक्रेता. कृषी सेवा केंद्राला परवाना लागतो. कोणते औषध द्यावे, कशात मिसळावे, हे बहुधा तोच सांगतो.

तिसरा शेतमालक. मजुराला हातमोजे, मुखवटा, चष्मा देणे हे त्याचे कर्तव्य. पण तो स्वतः पाच एकरांचा कर्जबाजारी शेतकरी असतो. कित्येकदा तोही पाठीवर पंप घेऊन फवारत असतो.

चौथे शासन. औषधाची नोंदणी, दुकानांची तपासणी आणि दवाखान्यातील उपचार ही त्याची कामे.

आता मजुराकडे पाहा. बाटली मालकाच्या घरी किंवा धुऱ्यावर असते. मजुराच्या पाठीवर येतो तो भरलेला पंप. बाटलीवर काय लिहिले आहे हे त्याला दिसत नाही आणि दिसले तरी ते बारीक अक्षर वाचता येईल असे नसते. मग कंपनीची सूचना पोचली कोणाला ? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. अपुरी सूचना हाही दोष मानला आहे. परंतु त्याच कायद्याच्या कलम ८७ मध्ये एक अपवाद आहे. वस्तू मालकाने कामाच्या ठिकाणी वापरण्यासाठी घेतली असेल आणि उत्पादकाने मालकाला सूचना दिली असेल, तर सूचनेच्या मुद्द्यावर उत्पादक सुटतो. म्हणजे कंपनी मालकाकडे बोट दाखविते, मालकाकडे देण्यास काही नसते आणि मजुराची विधवा दोघांच्या मध्ये उभी राहते. अशा वेळी सूचनेपुरताच दावा न करता, वऱ्हाडातील उकाड्यात, मुखवटा न परवडणाऱ्या माणसांच्या हाती हे औषध मुळात सुरक्षित होते काय, आणि कंपनीला हे ठाऊक असायला हवे होते काय, हा प्रश्न विचारावा लागतो.

येथे सातबाराही आडवा येतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना मृत्यूनंतर २ लाख रुपये देते आणि तिच्यात विषबाधाही धरली आहे. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीसाठी आहे. भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहतो. कामगार भरपाईचा १९२३ चा जुना कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे. त्याचा आधार घ्यायचा तर मजूर कोणाकडे कामाला होता याचा पुरावा लागतो. रोजंदारीच्या मजुराकडे हजेरीचा कागद नसतो.

वऱ्हाडातून बासेलपर्यंत

इतक्या अडचणी असूनही काही कुटुंबांनी वाट काढली. त्या हंगामात वापरलेल्या औषधांत ‘पोलो’ हे एक होते. त्यातील घटक डायफेन्थियुरॉन. ते स्वित्झर्लंडमधील बासेल येथे मुख्य कार्यालय असलेल्या सिंजेन्टा कंपनीचे उत्पादन. स्वित्झर्लंडमध्ये मात्र या घटकाची परवानगी २००९ सालीच संपली होती. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंड शासनाच्या तक्रार निवारण केंद्राकडे अर्ज करण्यात आला. दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी बासेलच्या दिवाणी न्यायालयात दावा नेला. कंपनीने जबाबदारी नाकारली. आपल्या औषधामुळेच ही हानी झाली हे सिद्ध झालेले नाही, असे तिचे म्हणणे. जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली.

या प्रकरणातून आपण शिकण्यासारखी गोष्ट कोणती ? हा दावा उभा राहू शकला तो कागदांमुळे. पीडितांच्या बाजूने काम करणाऱ्या संस्थांनी मिळविलेल्या सरकारी कागदपत्रांत ९६ जणांच्या विषबाधेत ‘पोलो’चे नाव नोंदलेले होते. ते नाव नसते तर बासेलच्या न्यायाधीशापुढे काय ठेवणार होते ? मुदतीचाही प्रश्न होता. स्वित्झर्लंडच्या कायद्यात अशा दाव्यास तीन वर्षांची मुदत आहे, आपल्या ग्राहक कायद्यात दोन वर्षांची. रडण्यात आणि तेराव्याच्या खर्चात एक वर्ष सहज निघून जाते.

बाटलीवरील नावाचा उपयोग कोर्टाच्या आधी दवाखान्यात होतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस विषावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. डायफेन्थियुरॉनवर तसा खास उतारा नाही, तेथे लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. डॉक्टरांना नाव कळले तर उपचाराची दिशा ठरते. म्हणजे एकच बाटली आधी जीव वाचविण्याच्या कामी येते आणि नंतर हक्क वाचविण्याच्या.

आपले कर्तव्य

आपल्या संस्थेचे बरेच सभासद आज नोकरीत आहेत, अमरावती-अकोल्याला घरे बांधून आहेत. पण आपल्यापैकी कित्येकांचे काका, मामा, चुलतभाऊ अजून दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेतात. तेव्हा ही माहिती छापून ठेवण्यापुरती नाही. कोणास फवारणीत बाधा झाली तर पुढील गोष्टी कराव्यात.

१. अंगावरचे कपडे लगेच काढून साबणाने अंग स्वच्छ धुवावे. मनाने उलटी करवू नये. रुग्णास विनाविलंब जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. तेथून आवश्यक तर अमरावतीस इर्विन किंवा अकोल्यास सर्वोपचार रुग्णालयात हलवावे.

२. बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे, फेकू नये. दुकानाची पावती शेतमालकाकडून मागून घ्यावी. त्रिकोणाचा रंग, नाव आणि बॅच क्रमांक यांचा फोटो काढावा.

३. दवाखान्यात ‘फवारणीतून विषबाधा’ अशी नोंद झाली की नाही ते पाहावे. पुष्कळदा नुसते ‘विषप्राशन’ लिहिले जाते. त्या एका शब्दाने अपघाताची आत्महत्या होते.

४. पोलिसांना कळवून पंचनामा करवावा. कोणाच्या शेतात, किती दिवस, किती मजुरीवर काम केले हे सोबतच्या मजुरांच्या जबाबात यावे. मृत्यू झाल्यास शवविच्छेदन करवावे आणि अहवालाची प्रत घ्यावी.

५. कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी तो वाचून घ्यावा. ‘आमची काही तक्रार नाही’ असे लिहून दिल्यास पुढची वाट अवघड होते.

६. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक आपत्तीचे बळी यांना मोफत वकील मिळतो.

अशा प्रसंगी आपण वर्गणी गोळा करतो, धान्य देतो, मुलांच्या शिक्षणाचा भार उचलतो. हे सारे चांगले आहे आणि चालू राहिले पाहिजे. तथापि समाजाने दिलेली वर्गणी कंपनीच्या भरपाईची जागा घेऊ शकत नाही. ज्याने विष विकून पैसा मिळविला त्याचे देणे गरिबांच्या वर्गणीतून फिटू नये. वर्गणीसोबत कागद जपणे, साक्षीदार उभे करणे आणि मुदतीपूर्वी अर्ज देणे हेही समाजाचेच काम आहे. हे काम पैशाने होत नाही. त्याला चार शिकलेली माणसे आणि थोडी चिकाटी लागते.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. तुमच्यापैकी काही कायद्याच्या वर्गात आहेत, काही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात आहेत. जुलै महिना लागण्यापूर्वी एखाद्या रविवारी आपल्या गावी जा. विहारासमोर किंवा पारावर दहा-वीस मजूर जमवा. चार रंगांचे त्रिकोण दाखवा आणि बाटलीवरची मराठी सूचना मोठ्याने वाचून दाखवा. वरील सहा गोष्टी एका वहीत लिहून ती वही गावात ठेवा. तेवढ्याने सर्व अपघात टळतील असे नाही. पण पुढच्या वेळी डॉक्टरने ‘कोणते औषध होते ?’ असे विचारले, तर आपल्या माणसाला उत्तर देता येईल.