शनिवारची शाळा बंद केली तर?

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. शाळा मात्र त्यातून वगळल्या. हिशेब बघा, म्हणजे अडचण कळेल. वर्षात 52 रविवार, शिवाय शाळेच्या 76 सुट्ट्या. उरले 237 दिवस. शिक्षण हक्क कायद्याला सहावी ते आठवीसाठी किमान 220 दिवस लागतात. म्हणजे 17 शनिवार काढले की संपलं! रोजची वेळ वाढवून तास भरतील हो, दिवस कुठून आणणार? पहिली ते पाचवीला 200 दिवस पुरतात, तिथं जरा जागा आहे.

आता आपलं सोलापूर. पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. शनिवारी शाळा नसली की पोरगी घरी, आणि घरी असली की तिच्या हातात पानं अन् कात्री येणारच. शाळेतली खिचडी बुडते ती वेगळीच. अमेरिकेत खेड्यापाड्यातल्या बऱ्याच शाळा चारच दिवस भरतात. पण तिथंही पैसे थोडेच वाचतात, कारण खर्चातला मोठा वाटा पगाराचा, तो काही कमी होत नाही.

मला विचाराल तर एप्रिलच्या उन्हात दुपारची शाळा तेवढी नको. शनिवार राहू द्या, सकाळचा.