गुंता खाली, दोष वर

टू बाय टू रुबियाचा ब्लाऊज निम्माअधिक झालेला असतो. पाठीचे टक्स मनासारखे बसलेले असतात. बाही जोडायला घ्यावी आणि नेमकं तेव्हाच मशीन अडावं, हा घरी शिवणाऱ्या प्रत्येकीचा अनुभव. वरून टीप सरळ दिसते, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. मग पहिला हात जातो बॉबिन केसकडे. तिचा इवलासा स्क्रू पिळला जातो आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं, कारण खाली दिसणारा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो.

हे पटायला टाका कसा पडतो ते पाहावं लागतं. सुई तळाशी जाऊन परत निघते आणि दोन-अडीच मिलिमीटर वर उचलली गेली की तिच्या पाठीशी दोऱ्याची एक बारीक कडी फुगते. त्या कडीत शटलचं टोक शिरतं, तिला बॉबिनभोवती फिरवून आणतं, आणि मग वरचा दांडा दोरा खेचून घेतो. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या जाडीत, मधोमध बसली की टीप चांगली. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेलाच नसेल, तर दांड्याने खेचूनही तो ताठ होत नाही आणि कडी खालीच लोंबत राहते. दोरा ओवताना प्रेशर फूट वर उचललेला हवा. तेव्हा चकत्या सैल असतात आणि दोरा आत जातो. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. बॉबिन केसची परीक्षा वेगळी. तिला दोऱ्याने अधांतरी धरायचं: आपोआप सुर्रकन खाली आली तर सैल, हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट, हलक्या झटक्याला थोडीशी उतरली तर ठीक. ठीक असेल तर तिला पुन्हा हात लावू नये.

टाके सुटायला लागले की सुई बदलावी. सुई मोडेपर्यंत वापरायची ही आपल्याकडची सवय मला फार चुकीची वाटते. बोथट सुई जॉर्जेटसारख्या कापडात नीट शिरत नाही, ते सोबत खाली ओढते, कडी फुगत नाही आणि शटल रिकामंच फिरतं. सुईचं टोक नखावरून हळूच ओढून पाहा. ओरखडा उठला तर ती सुई संपली. मलमलीला 11 नंबर, रुबियाला 14, जीन्सला 16 किंवा 18. बसवताना सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला हवी. ती उलटी बसली तर शिवणच धरत नाही, आणि ‘मशीन बिघडलं’ म्हणून मेकॅनिकला निरोप जातो.

हे यंत्र घडायलाही बरीच डोकी लागली. सुईचं नेढं टोकाशी आणून खालून शटल फिरवणाऱ्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत एलियास हाव यांनी 1846 मध्ये घेतलं. आयझॅक सिंगर यांचं पेटंट 1851 चं. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांची वर, पुढे, खाली, मागे ही चाल अ‍ॅलन विल्सन यांची, 1854 ची, आणि आजच्या घरगुती मशीनचे दाते तसेच चालतात. सिंगरने मशीन हप्त्यांवर विकलं म्हणून ते साध्या घरांत पोचलं. हिंदुस्थानातला हा व्यवहार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी दीर्घकाळ सांभाळला. साडी-धोतराच्या देशात शिलाईचं यंत्र खपवणं सोपं नव्हतंच. पुढे यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिलाई मशीनला आपल्या आक्षेपातून वगळलं. 1930 च्या दशकात कोलकात्यात उषा मशीन तयार होऊ लागली.

आपल्या हवेचे प्रश्न मात्र कुठल्या पेटंटात नव्हते. पावसाळ्यात चामडी पट्टा ओलावा धरून सैल पडतो. पायडल हलतं, पण वरचं चाक नुसतं कुरकुरतं. जोडाची तार काढायची, पट्टा जरासा कापायचा, पुन्हा भोक पाडून जोडायचा. थंडीत मशीन जड झालं तर बहुधा कुणीतरी आत खोबरेल घातलेलं असतं. ते 24 अंशांच्या आसपास थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं. मशीनचं पातळ, पांढरं तेलच घालावं आणि नंतर रद्दी कापडावर दोन-चार टिपा माराव्यात. सुईखालची पट्टी उघडली तर दात्यांच्या फटींत कापसाचा तंतू दाबून दाबून करड्या नमद्यासारखा बसलेला सापडतो. तो ब्रशने काढला की कापड पुन्हा सरळ सरकू लागतं.

घरात शिवणाऱ्या बाईला ‘हौस आहे’ म्हणून सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं. आवाज बदलला की कुठे तेल हवं हे तिला कळतं. पायडल उलटं पडलं तर चाक फिरायच्या आत ती हात लावून थांबवते. शिवाय मुंढा अर्धा इंच खोल घेतला तर हात वर करताना ब्लाऊज ओढला जातो, हे तिने अंगावर घालून पाहिलेलं असतं. हे यंत्राचं आणि मापाचं ज्ञान आहे, आणि ते मिळवायला वर्षं लागतात.

नवं मशीन घ्यायचं की आजीचं काळं मशीन दुरुस्त करायचं, हे काय शिवायचं त्यावर ठरवावं. काळं मशीन फक्त सरळ टीप मारतं. होजिअरीचा टी-शर्ट त्यावर शिवला तर डोक्यातून घालताना शिवण ताणली जाते आणि दोरा तटकन तुटतो. त्याला झिगझॅग आणि गोल टोकाची सुई हवी. परकर, अभ्रे, गोधडीची खोळ, झबली यांना मात्र जुनं लोखंडी मशीनच बरं. त्याचा घाट बहुधा सिंगरच्या 15 नंबरचा असतो. लुधियानात आजही त्याच घाटाची मशीन बनतात, त्यामुळे बॉबिन, केस, सुया, पट्टा, सगळं तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळतं.