म्युनिकमधील विद्यार्थी आणि अर्जातील धर्माचा रकाना

काही दिवसांपूर्वी गोखिवरे येथील एक गृहस्थ आम्हाला भेटावयास आले. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतील गाळ्यांत उभे आयुष्य काम केलेले, मितभाषी. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीतील म्युनिक शहरी जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, “फादर, तिथे राहण्याची नोंद करताना अर्जात धर्म विचारतात. त्याचे मित्र सांगतात, धर्म नाही असे लिही, नाहीतर चर्चचा कर भरावा लागेल. पोराने काय लिहायचे?”

उत्तर देण्यापूर्वी त्या मुलाचा तेथील दिनक्रम आणि जमाखर्च आम्ही समजून घेतला. आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत सध्या जर्मनीचा विषय निघतो. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात त्या देशात सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वांत मोठी होती. म्हणून ही माहिती येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम पैशाविषयी. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. ते आता अर्धेच खरे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही शिकवणी शुल्क नाही. परंतु म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्रास दोन ते सहा हजार युरो शुल्क लावले आहे. शिवाय व्हिसासाठी एका वर्षाचा निर्वाहखर्च आधीच बँकेतील रोखून ठेवलेल्या खात्यात भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास आहे. त्यातून विद्यार्थ्याला दरमहा ९९२ युरो काढता येतात, एक युरोही अधिक नाही. पैसा मुलाचाच, पण कुलूप सरकारचे!

आता या ९९२ युरोंत म्युनिकसारख्या महागड्या शहरात राहावयाचे. विद्यार्थी वसतिगृहातील खोली परवडते, पण तिची प्रतीक्षायादी लांबलचक असते. खाजगी घरातील एक खोली घ्यावी, तर सातशे-आठशे युरो सहज जातात. आरोग्यविमा सक्तीचा, त्याचे सव्वाशे ते दीडशे युरो. उरलेल्या रकमेत जेवणखाण, प्रवास आणि फोन. या कारणाने बहुतेक मुले अर्धवेळ काम शोधतात. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. उपाहारगृहात बशा विसळणारा आपला इंजिनिअर हे पैसे मोजतो, तेव्हा ते रुपयांत किती होतात याचा हिशेब प्रथम करतो. तो मोह टाळावा, असे तेथील जुनी मुले सांगतात. कारण खर्च युरोतच होतो.

परदेशी शिक्षणाच्या कर्जाची ही गोष्ट मराठी घरांना नवी नाही. १९२८ साली इरावती कर्वे मानववंशशास्त्र शिकण्यासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे पती दिनकर कर्वे यांचा पाठिंबा होता, ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते; मात्र सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे या जाण्याच्या विरोधात होते. स्त्रीशिक्षणासाठी देह झिजविणाऱ्या पुरुषाचा सुनेला विरोध, हे वाचून आम्हाला नेहमीच नवल वाटत आले आहे. अखेर जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाच्या आधारे इरावतीबाई गेल्या आणि दोन वर्षांत डॉक्टरेट मिळवून परतल्या.

मुलाच्या दिवसाकडे वळू. डिसेंबरात म्युनिकला सकाळी आठच्या सुमारास उजाडते आणि साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. हिवाळ्यात भारताचे घड्याळ साडेचार तास पुढे असते. गोखिवऱ्यात आई रात्री नऊला जेवणे आटोपून फोन लावते, तेव्हा तेथे दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि मुलगा वर्गात किंवा कामावर असतो. तो फोन उचलत नाही. आईचा जीव कासावीस होतो. उन्हाळ्यात हे अंतर साडेतीन तासांवर येते.

वेळापत्रकात दहाचा तास असला, तरी अनेक विद्यापीठांत प्रथेप्रमाणे तो सव्वादहाला सुरू होतो. दुपारचे जेवण विद्यापीठाच्या भोजनालयात स्वस्त मिळते. रात्रीचे स्वतः रांधावयाचे. ज्या मुलाने घरी कधी पातेले उचलले नाही, तो महिनाभरात डाळभात शिकतो. गुणांची पद्धतही आपल्या उलट: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर उत्तीर्ण आणि ५.० नापास. मुलाने ‘एक पूर्णांक तीन मिळाले’ असे कळविले, तर घरच्यांनी पेढे वाटावेत.

रविवारी मात्र आपल्या मुलांची खरी तारांबळ उडते. आपल्याकडे मिस्सा सुटली की पावले मासळीबाजाराकडे वळतात. तेथे रविवारी दुकाने कायद्याने बंद असतात. रविवार हा विश्रांतीचा दिवस असावा, हे १९१९ च्या वायमार संविधानातील कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यातही कायम ठेवण्यात आले. बव्हेरिया राज्यात, ज्याची म्युनिक ही राजधानी, इतर दिवशीही बहुतेक दुकाने रात्री आठला बंद होतात. शनिवारी पीठ-तांदूळ आणावयाचे राहिले, तर सोमवारपर्यंत उपास. उलटपक्षी, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण आणि ख्रिस्तशरीराचा सण या दोन्ही दिवशी बव्हेरियात सार्वजनिक सुटी असते, हे ऐकून त्या गृहस्थांना मोठे समाधान वाटले.

आता मूळ प्रश्न. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात निवासाची नोंद करावी लागते. तेथे धर्म विचारला जातो, कारण सरकार काही धर्मसंस्थांच्या वतीने त्यांच्या सदस्यांकडून कर गोळा करते. हा कर पगारावर नसतो. तो आयकराच्या रकमेवर बव्हेरिया व बाडेन-व्युर्टेम्बर्ग येथे ८ टक्के, तर इतर राज्यांत ९ टक्के असतो. एखाद्याचा महिन्याचा आयकर ३०० युरो असेल, तर बव्हेरियात चर्चचा कर २४ युरो. ज्याला आयकरच नाही, त्याला हा करही नाही. वर्षाला सुमारे बारा हजार युरोंपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही, आणि अर्धवेळ काम करणारा विद्यार्थी सहसा या मर्यादेच्या आतच राहतो. म्हणजे खरे लिहिल्याने त्याच्या खिशातून काही जात नाही आणि खोटे लिहून काही वाचत नाही.

पुढे नोकरी लागल्यावर प्रश्न निराळा होतो. तेव्हा कर टाळावयाचा, तर सरकारी कार्यालयात जाऊन चर्च सोडत असल्याचे विधिवत जाहीर करावे लागते. जर्मन महागुरूंच्या परिषदेने सप्टेंबर २०१२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार अशा व्यक्तीला संस्कार स्वीकारता येत नाहीत. सुरुवातीच्या अर्जात धर्म लपविणे म्हणजे असे विधिवत बाहेर पडणे नव्हे; परंतु स्नानसंस्कार झालेल्या माणसाने सरकारदरबारी केलेले ते असत्य निवेदन ठरते, आणि पुढे ते उघड झाल्यावर मागील कराची मागणी आल्याची उदाहरणे आहेत. विवाहाच्या वेळी धर्मग्रामातून कागद मागवावे लागतील, तेव्हा अडचण होईल ती वेगळीच.

त्या मित्रांवर आम्ही रागावलो नाही. महिनाअखेरीस हाती वीस युरो उरलेल्या मुलाला ‘कर’ हा शब्द ऐकूनच धडकी भरते. पण त्याच मुलाला एकटेपणा असह्य झाला, पैसे संपले, तर दार ठोठावता येईल असे एक ठिकाण म्हणजे कॅथलिक विद्यापीठ समुदाय. जर्मनीतील बहुतेक विद्यापीठ-शहरांत तो असतो. रविवारची मिस्सा, एकत्र जेवण, सल्ला आणि बऱ्याच ठिकाणी अडचणीतील परदेशी विद्यार्थ्यांसाठी तातडीचा निधी तेथे मिळतो. आणि कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला दार खुले असते. हा खर्च प्रामुख्याने त्याच करातून भागतो.

गृहस्थांनी हे सर्व शांतपणे ऐकले आणि आमच्यासमोरच मुलाला फोन लावला. तेथे दुपार होती. मुलाने चक्क उचलला! “फादर सांगतात, खरे ते लिही. पैसे लागत नाहीत,” एवढेच ते बोलले. पलीकडून मुलाने काहीतरी विचारले. फोनवर हात ठेवून ते आम्हाला म्हणाले, “तो विचारतो, स्नानसंस्काराचा दाखला घरीच राहिला आहे, तो पाठवायचा का?” नोंदणीसाठी सहसा लागत नाही, पण जवळ असावा, असे आम्ही सांगितले. दुसऱ्याच दिवशी नवा दाखला काढण्यासाठी ते धर्मग्रामाच्या कार्यालयात हजर होते.