बुद्धिमापन कसोटीची विश्वसनीयता व यथार्थता

एकाच वर्गात बसणाऱ्या मुलांची आकलनशक्ती सारखी नसते, हे शिक्षकास सांगावयास नको. हा फरक अंकांत मांडण्याचे साधन म्हणजे बुद्धिमापन कसोटी होय. तथापि अंकाचा एक धोका आहे. तो एकदा कागदावर उतरला की तो कसा आला याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ‘बुद्धिगुणांक ८५’ असे मुलाच्या नावापुढे लिहिले गेले म्हणजे त्याच्याविषयीची अपेक्षा उतरते, त्याला प्रश्न कमी विचारले जातात आणि अखेरीस ते मूल खरोखरच मागे पडते. म्हणून मुलाला कसोटी लावण्यापूर्वी त्या कसोटीचीच परीक्षा होणे अगत्याचे आहे. ही परीक्षा दोन प्रश्नांनी होते. कसोटी दर वेळी सारखेच माप देते काय? आणि जे मोजावयाचे तेच ती मोजते काय? पहिल्या गुणास विश्वसनीयता व दुसऱ्यास यथार्थता म्हणतात.

या दोहोंतील भेद धान्य मोजण्याच्या पायलीवरून ध्यानात येईल. पायलीचा तळ आतून उचललेला असेल, तर तिने दहा वेळा मोजले तरी दाणे तेवढेच भरतील. माप सारखे आले, पण खरे आले नाही. अशी पायली विश्वसनीय आहे, परंतु यथार्थ नाही. उलट, जिचा आकार दर वेळी बदलतो अशा पायलीने खरे माप कधीच कळणार नाही. यावरून दिसून येते की, विश्वसनीयतेवाचून यथार्थता असू शकत नाही, परंतु केवळ विश्वसनीयतेने यथार्थता सिद्ध होत नाही.

कसोटीचा उगम

फ्रान्समध्ये सामान्य अध्यापनाचा लाभ न होणारी मुले ओळखून त्यांच्यासाठी वेगळी सोय कशी करावी, याच्या विचारार्थ १९०४ साली सरकारने एक समिती नेमली. त्या कार्यातून आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची पहिली कसोटी सिद्ध केली. १९०८ च्या आवृत्तीत प्रश्नांची मांडणी वयानुसार झाली व मानसिक वयाची कल्पना रूढ झाली. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत विल्यम स्टर्न यांनी १९१२ साली सुचविली. अमेरिकेतील लुईस टर्मन यांनी १९१६ च्या आपल्या आवृत्तीत त्या भागाकारास १०० ने गुणून येणारा बुद्धिगुणांक प्रचारात आणला. दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ आले, तर या रीतीने त्याचा बुद्धिगुणांक ८० होई. पुढे ही रीत मागे पडली. आता मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांच्या सरासरीशी करतात. ती सरासरी १०० व प्रमाण विचलन बहुधा १५ धरले जाते.

बिने यांचा हेतू ज्यांना साहाय्य हवे अशी मुले शोधण्याचा होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली व न बदलणारी राशी आहे, असे त्यांनी मानले नाही. हा मूळ हेतू शिक्षकाने विसरू नये.

विश्वसनीयता कशी काढतात?

विश्वसनीयता काढण्याच्या तीन पद्धती विशेष प्रचलित आहेत. पहिली पुनर्कसोटीची. तीच कसोटी त्याच मुलांना काही आठवड्यांनी पुन्हा देतात व दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध पाहतात. मध्यंतर फार अल्प असेल तर मुलांना उत्तरे आठवतात, फार दीर्घ असेल तर मुलेच वाढलेली असतात. दुसरी समांतर कसोटीची. हिच्यात तेवढ्याच काठिण्याचे, परंतु निराळे प्रश्न योजतात. तिसरी अर्धविभाजनाची. हिच्यात एकाच कसोटीतील सम व विषम क्रमांकांच्या प्रश्नांचे गुण वेगळे करून त्यांचा सहसंबंध काढतात.

सहसंबंध गुणक +१ ते −१ यांच्या दरम्यान असतो. गुणानुक्रमावरून तो काढण्याची सुलभ रीत चार्ल्स स्पिअरमन यांच्या नावाने ओळखली जाते. समजा, आठ विद्यार्थ्यांचे क्रम पुढीलप्रमाणे आले :

पहिल्या वेळी : १, २, ३, ४, ५, ६, ७, ८
दुसऱ्या वेळी : २, १, ३, ५, ४, ६, ८, ७

प्रत्येकाच्या दोन क्रमांतील फरक काढून त्याचा वर्ग करावा. या वर्गांची बेरीज ६ येते. तिला ६ ने गुणल्यास ३६ होतात. विद्यार्थिसंख्या ८; तिच्या वर्गातून १ वजा केल्यास ६३; ६३ × ८ = ५०४. ३६ ला ५०४ ने भागून येणारी संख्या १ मधून वजा केली की ०.९३ हा गुणक मिळतो. म्हणजे दोन्ही वेळचे क्रम फार जुळतात. अर्थात् आठ मुलांवरून कसोटीविषयी निर्णय करता येत नाही. त्यासाठी शेकडो मुले लागतात. येथे केवळ रीत दाखविली आहे.

अर्धविभाजनात एक दुरुस्ती करावी लागते, कारण अर्धी कसोटी पूर्ण कसोटीइतकी विश्वसनीय नसते. १९१० साली स्पिअरमन व ब्राऊन यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या सूत्रानुसार, दोन अर्ध्या भागांचा सहसंबंध ०.६० असेल तर त्याची दुप्पट १.२० ही १.६० ने भागावी. पूर्ण कसोटीची विश्वसनीयता ०.७५ येते. प्रश्नांची संख्या वाढली की विश्वसनीयता वाढते, हेही यावरून कळते. दहा प्रश्नांच्या कसोटीवर मुलाचे भवितव्य ठरवू नये, याचे कारण हेच.

अंकाभोवतीचा अनिश्चित पट्टा

विश्वसनीयतेचा खरा उपयोग प्रमाण त्रुटी काढण्यात आहे. १ मधून विश्वसनीयता वजा करावी, बाकीचे वर्गमूळ काढावे व त्यास प्रमाण विचलनाने गुणावे. विश्वसनीयता ०.७५ व प्रमाण विचलन १५ असल्यास बाकी ०.२५, तिचे वर्गमूळ ०.५ व प्रमाण त्रुटी ७.५ येते. मोजलेला अंक व मुलाचा खरा अंक यांतील अंतर शंभरांपैकी सुमारे ६८ वेळा ७.५ च्या आत व सुमारे ९५ वेळा १५ च्या आत राहते. म्हणजे ज्या मुलाचा बुद्धिगुणांक ८५ लिहिला गेला, त्याचा खरा अंक ७० ते १०० यांच्या दरम्यान कोठेही असण्याचा संभव आहे. ८५ व ९० मिळालेल्या दोन मुलांत एकास मंद व दुसऱ्यास साधारण म्हणणे अशा कसोटीच्या आधारे न्याय्य ठरत नाही. विश्वसनीयता ०.९१ असली तरीही प्रमाण त्रुटी ४.५ उरतेच.

यथार्थतेचा प्रश्न

आता त्याच आठ मुलांचा वर्षअखेरच्या प्रगतीचा क्रम, कसोटीच्या क्रमाने घेतला असता, ४, १, ६, २, ३, ८, ५, ७ असा आला असे समजू. फरकांच्या वर्गांची बेरीज ३६ येते व गुणक ०.५७. कसोटी स्वतःशी ०.९३ इतकी जुळते, पण मुलांच्या प्रगतीशी ०.५७ इतकीच. प्रगतीसारख्या बाह्य निकषाशी कसोटी किती जुळते हे पाहणे, हा यथार्थता ठरविण्याचा एक मार्ग होय. शिवाय, प्रश्नांत बुद्धीच्या विविध अंगांना वाव आहे काय, आणि बुद्धीविषयीच्या शास्त्रीय कल्पनेशी कसोटीचे निष्कर्ष सुसंगत आहेत काय, हेही तपासतात.

यथार्थतेकडे दुर्लक्ष झाल्याने केवढा अनर्थ ओढवतो, याचे उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेतील हेन्री गोडार्ड यांनी न्यूयॉर्कनजीकच्या एलिस बेटावर युरोपातून येणाऱ्या निर्वासितांना व स्थलांतरितांना बिने कसोटी लावली. १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तपासलेल्या ज्यू, हंगेरियन, इटालियन व रशियन व्यक्तींपैकी सुमारे चार पंचमांश मतिमंद ठरल्या. ही माणसे दूरच्या समुद्रप्रवासाने शिणलेली होती, प्रश्न दुभाष्यामार्फत विचारले जात होते आणि कित्येकांना लेखणीचा सरावही नव्हता. कसोटीने मोजला तो त्यांचा परकेपणा. लिहिली गेली ती मात्र बुद्धिहीनता.

याच कारणास्तव परदेशी कसोटीचे केवळ भाषांतर पुरत नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने कसोटीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले व त्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. नाणी, चित्रे, शब्द व प्रसंग आपल्या मुलांच्या परिचयाचे करून, त्यांच्यावरच कसोटी वापरून पाहिल्यानंतर काठिण्याचा क्रम पुन्हा ठरवावा लागतो. शहरी मुलांवर प्रमाणित केलेली कसोटीही खेड्यातील मुलास अन्याय करू शकते. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठीतील सूचनाच उमगली नाही, तर त्याचा शून्य गुण बुद्धीचा नव्हे, भाषेचा होय.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

१. कोणतीही कसोटी वापरण्यापूर्वी तिच्यासोबतची पुस्तिका पाहावी. विश्वसनीयता कोणत्या पद्धतीने, किती व कोणत्या मुलांवरून काढली, हे तीत असले पाहिजे. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र केल्याने गुणक फुगतो, हे ध्यानात ठेवावे.

२. सूचना व वेळ यांत आपल्या मनाने फेरफार करू नये. मूल उपाशी, आजारी किंवा भ्यालेले असल्यास कसोटी पुढे ढकलावी.

३. कसोटीचा अंक एकटा नोंदवू नये. त्याच्या दोन्ही बाजूंचा त्रुटीचा पट्टाही नोंदवावा.

४. मूल मागे पडत असल्यास प्रथम त्याची दृष्टी, श्रवण, प्रकृती, हजेरी व घरची भाषा यांची चौकशी करावी.

५. बौद्धिक अक्षमतेचा निर्णय शिक्षकाने करावयाचा नाही व तो बुद्धिगुणांकावरून एकट्याने होतही नाही. दैनंदिन व्यवहारात मूल कितपत स्वावलंबी आहे हेही तज्ज्ञ पाहतात. अशा मुलास तज्ज्ञाकडे पाठविणे एवढेच शिक्षकाचे काम आहे.

कसोटी मुलास तासाभरापुरते पाहते, शिक्षक त्याला वर्षभर पाहत असतो. तथापि शिक्षकाच्या मतातही आवडनावड शिरते. म्हणून कसोटीने शिक्षकाचे मत तपासावे व शिक्षकाच्या निरीक्षणाने कसोटीचा अंक तपासावा. दोहोंत मेळ बसत नसेल तेथे मुलावर शिक्का न मारता पुन्हा पाहणे, हाच मापनशास्त्राचा व अध्यापनाचाही धर्म होय.